‘चुकीच्या मापाचा पाना दिला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचं काम अडलं, मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत.

13 मिमीचा रिंग पाना (बोल्टच्या डोक्याभोवती कड्यासारखा बसणारा) पहिल्याच दिवशी घसरला, बोल्टचे कोपरे गेले, आम्ही पाना बदलून दिला नाही आणि माल हलका आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून घेतलं. पण ‘यांना मापातलं काही कळत नाही’ हे वाक्य फार लागलं. रविवार पेठेतलं हे दुकान वडिलांनी सुरू केलं. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपवाल्यांवर ते चालतं, आणि आता नवीन गिऱ्हाईक आधी मोबाइलवर स्टार बघतं, मग पायरी चढतं.

त्या दिवशी तुम्ही ‘13 चा द्या’ म्हणालात. मशीन कुठलं विचारलं, तर ‘जुना लेथ’. तेव्हाच मी म्हटलं होतं, जुन्या लेथला बरेचदा इंची, म्हणजे मिमीऐवजी इंचाच्या मापाचे बोल्ट असतात, एखादा नट घेऊन या, व्हर्नियर (बारीक माप दाखवणारं साधन) लावून बघू. तुमचा फोन चालू होता. टेपने मोजलंय, म्हणालात. साहेब, टेपवर हा फरक दिसत नाही. 5/16 इंची बोल्टचं डोकं अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी. एम 8, म्हणजे 8 मिमी जाडीच्या बोल्टचं, 13 मिमी. बोल्टची जाडी बघावी तर 7.94 आणि 8, त्यामुळे चांगले फिटरही फसतात. शिवाय 3/4 ला 19 चा पाना व्यवस्थित बसतो, कारण ते 19.05 होतं, म्हणून बाकीचेही चालतील असं वाटतं. पण 9/16 ला 14 चा चढतही नाही.

0.3 मिमी ऐकायला काहीच नाही. पण बारा कोनी रिंग बोल्टला कोपऱ्यांजवळच धरते. ती सैल असली आणि बोल्ट गंजलेला असला, की कोपरे जाणारच. वर दांड्यावर पाइप घातल्याच्या खुणा होत्या. तुमच्यासमोर पाना मोजला, मापात होता, म्हणून बदलून दिला नाही. अर्धा इंची पाना काउंटरवर काढून ठेवला होता, पण तुम्ही रागाने निघून गेलात. ‘माल हलका’ हेही त्यामुळे पटत नाही.

मापाचा तक्ता दुकानात लावायचं बघतोय, पोरांनाही सांगितलंय.

तो बोल्ट अजून निघाला नसेल तर पाइप पुन्हा लावू नका, मोडेल. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सहा कोनी गोटी पाना (डोक्यावर टोपीसारखा बसणारा) वापरा. कोपरे अगदीच गेले असतील तर किंचित लहान गोटी ठोकून बसवावी लागेल. तसलाच दुसरा बोल्ट घेऊन या, माप काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. स्टार कितीही ठेवा, मापाबद्दलचं ते वाक्य तेवढं काढा, ही विनंती.