आमच्याकडे पेटी आली

नाट्यसंस्थेची पेटी यापुढे आपल्या घरी राहणार, असे मी जेवताना जाहीर केले तेव्हा आईने मोठ्या समाधानाने विचारले, "म्हणजे तू आता गाणे शिकणार?" संगीत नाटकांवर वाढलेल्या पिढीला पेटी म्हटले की सूरच आठवणार, त्यात तिचा दोष नाही. परंतु माझ्या हवाली झालेली पेटी मेकअपची होती. ती उघडताच दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम, खवट खोबरेल आणि गेल्या वर्षीच्या प्रयोगातला कोणाचा तरी अर्धा वडा यांचा जो संमिश्र वास घरभर पसरला, तो घेतल्यावर माझे गाणेही चालले असते, असे मत आईने नोंदवले.

आम्ही सांगलीकर. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथेच 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि तेव्हापासून नाटक हा आमच्या गावात हळदीच्या खालोखाल प्रतिष्ठेचा व्यवहार आहे. त्यामुळे ज्याला अभिनय येत नाही त्यालाही संस्थेत काहीतरी पद द्यावेच लागते. माझ्या कपाटात शर्ट रंगांप्रमाणे लावलेले असतात, हे दिग्दर्शकांनी एकदा पाहिले होते. तेवढ्या पुण्याईवर मला पेटी मिळाली. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली होती. "अशी लाव," ते म्हणाले, "की रंगपटात अंधार झाला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे." त्या वेळच्या पेटीत अंधारात हात घालणाऱ्याला लागली असती ती फक्त टाचणी.

रविवारी मी दिवाणखान्यात वर्तमानपत्रे पसरली आणि पेटी पालथी केली. भुवयांच्या पेन्सिली अकरा निघाल्या. त्यांपैकी नऊ बोथट होत्या आणि टोकयंत्रात पाते नव्हते. पूर्ण मिशा सहा, अर्ध्या पाच. स्पंज एकच, आणि त्याने आजवर किती नटांचे घाम एकजीव केले असतील याचा विचार न करता मी तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला. क्रेपचे केस घट्ट वेणी घालून विकत मिळतात. ती सोडून, ओली करून, ताणून वाळवावी लागते, तेव्हा कुठे त्यांची दाढी होते. आमच्या पूर्वसूरींनी ती न सोडताच कापल्यामुळे केसांचा एक करडा बोळा झाला होता. संध्याकाळी तो मला स्वयंपाकघरात, भांडी घासण्याच्या साबणावर विराजमान झालेला आढळला. "अहो, मला वाटले तुम्ही घासणी आणली," असे हिने सांगितले. कढई मात्र लखलखीत झाली होती.

खरी पंचाईत रंगांची. कांड्यांवर 'एफएस 38' वगैरे आकडे होते, पण संस्थेत त्यांना त्या नावाने कोणी ओळखत नसे. 'सुनेचा रंग', 'गड्याचा रंग', 'सावकाराचा रंग' अशी नावे रूढ होती, आणि प्रत्येकाला सुनेचाच रंग हवा असे, त्यामुळे आमच्या नाटकातले शेतमजूरही नुकतेच युरोपातून आल्यासारखे दिसत. आकड्यांची ही पद्धत तशी युरोपचीच. लुडविग लाइश्नर नावाच्या ऑपेरा गायकाने 1873 च्या सुमारास बर्लिनमध्ये ग्रीसपेंट, म्हणजे तोंडाला लावायचे तेलकट रंग, करून विकायला काढले आणि पुढे इंग्लंडातल्या नटांच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्या 5 आणि 9 या दोन नंबरांच्या मिश्रणावर संसार केले. आपल्याकडे सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ यांतून देव आणि राक्षस निघत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग आणि सफेद्यात पुष्कळदा शिसे, तेव्हा त्या काळचे नट तोंडाला रंग लावत ते खरोखरच जिवावर उदार होऊन, असे म्हणायला हरकत नाही.

जुन्या ट्रंकेत हे सारे बसेना म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून तीन मजली, कप्प्याकप्प्यांची अवजारपेटी आणली. दुकानदाराने "नळाची कामे घेता का?" असे आस्थेने विचारले. मी "नाही, मिशांची," असे सांगितल्यावर त्याने सुटे पैसे देताना माझा हात लागू दिला नाही.

प्रथम मी वस्तू जातवारीने लावल्या: रंग रंगांत, केस केसांत, द्रवपदार्थ तळाला. ही रचना इतकी देखणी होती की मी दोन दिवस पेटी नुसतीच उघडून पाहत असे. पण दिग्दर्शकांनी ती पाहताच मान हलवली. "पात्रवार लाव. एका पात्राचे सगळे एका कप्प्यात." नाटकातले निवृत्त हेडमास्तर दुसऱ्या अंकात डोके फुटून वारतात. त्यामुळे त्यांच्या कप्प्यात पांढरी दाढी, गमची बाटली आणि रक्ताची बाटली अशी तिन्ही एकत्र आली. रक्त मी स्वतः घरी केले होते: ग्लुकोज सिरप, खाण्याचा लाल रंग आणि तो फार गुलाबी दिसू नये म्हणून चिमूटभर कोको. इतके झकास साधले होते की मुलाने ते पोळीला लावून मागितले.

बाटलीचे झाकण रात्रीत सैल झाले, हे मला कळले नाही. मुंग्यांना कळले.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी हेडमास्तरांच्या हनुवटीला गम लावला, तो चिकट होईपर्यंत बोटाने टिचक्या मारत थांबलो आणि दाढी दाबून बसवली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काहीतरी चावते आहे हो." गम म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेली राळ, दाढी केलेल्या कातडीला ती चुणचुणतेच, असे मी त्यांना अधिकारवाणीने समजावले. तिसरी घंटा झाली.

पहिला अंक त्यांनी हनुवटी खाजवत काढला आणि तो अभिनय समजून लोकांनी दादही दिली. दुसऱ्या अंकात ते रीतसर पडले, आणि मग दिवाणावर मृतावस्थेत अकरा मिनिटे पडून राहणे एवढेच त्यांचे काम उरले, कारण तेवढ्या वेळात त्यांचे मुलगे वाड्याची वाटणी करतात. तिसऱ्या मिनिटाला दाढी डावीकडे सरकली. पाचव्याला ती उजवीकडे परतली. विंगेतून मला त्या पांढऱ्या केसांतून एक लाल-काळी रांग शिस्तीत कानाकडे जाताना स्वच्छ दिसत होती. नेमके तेव्हाच थोरल्याने ठरलेले वाक्य टाकले, "एका अर्थी बाबा शांतपणे गेले," आणि बाबांनी स्वतःच्या थोबाडीत मारली.

परीक्षकांपैकी एकाने डोळ्यांवर रुमाल धरला होता. तो कशासाठी, हे निकालावरून कळले.

दुसऱ्या दिवशी मी पेटी पुन्हा जातवारीने लावली, रक्तासाठी रबरी झाकणाची वेगळी बाटली आणली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'रक्त. दाढीपासून दूर ठेवावे.' पुढच्या तालमीच्या वेळी पाहतो तर त्याखाली भुवयांच्या पेन्सिलीने, शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती: 'पेटीवाल्यासही.'