‘डबेवाल्यांनी कुठे एमबीए केलं होतं?’ – एका फॉरवर्डला उत्तर

एमबीएच्या प्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवरही येतो. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर साधारण असा: ‘मुंबईच्या डबेवाल्यांनी कुठे एमबीए केलं होतं? फोर्ब्सने त्यांना सिक्स सिग्मा दिलंय, हार्वर्डवाले त्यांच्याकडे शिकायला येतात. आणि आपली पोरं लाखो रुपये भरून लॉजिस्टिक्समध्ये एमबीए करतात नि भिवंडीच्या गोदामात खोकी मोजतात. ट्रक आणि गोदाम सांभाळायला डिग्री कशाला? एवढे एमबीए निघाले तरी देशाचा लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या १४ टक्केच. आणि आता तर एआय सगळं करणार.’

मी याच क्षेत्रात नियोजनाचं काम करतो, त्यामुळे गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेऊ. डबेवाल्यांना जास्त जागा देणार आहे, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यांच्याच खांद्यावर उभा आहे.

‘फोर्ब्सने सिक्स सिग्मा दिलंय’

दिलेलं नाही. (सिक्स सिग्मा म्हणजे काम जवळजवळ बिनचूक व्हावं यासाठीची गुणवत्तेची पद्धत.) १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये डबेवाल्यांवर एक लेख आला होता. त्यात ८० लाख डब्यांमागे एक चूक असा आकडा होता. परतीची फेरी धरली की तो १ कोटी ६० लाखांत एक होतो. ‘दोन महिन्यांतून एखादी चूक होत असेल’ असं संघटनेच्या प्रमुखांनी सांगितलं, त्यावरून लेखकाने हा आकडा मांडला; कुणी मोजमाप करून काढलेला नव्हता. सिक्स सिग्मा हा शब्दही आपण लेखात वापरला नव्हता, असं लेख लिहिणाऱ्यानेच नंतर सांगितलं. प्रमाणपत्र वगैरे पुढच्या लोकांनी चिकटवलं.

आकडा एकदा तपासून बघा. भरभराटीच्या काळात रोज दोन लाखांच्या आसपास डबे जात होते. जाऊन-येऊन चार लाख फेऱ्या. १ कोटी ६० लाखांत एक चूक म्हणजे कामाच्या चाळीस दिवसांत अख्ख्या मुंबईत फक्त एक डबा चुकायचा. पावसाळा, मेगाब्लॉक, गिऱ्हाइकाने बदललेलं ऑफिस हे सगळं धरून. व्यवस्था थोर आहे यात वाद नाही, पण या आकड्याला नोंदवहीचा आधार नाही.

हार्वर्डबद्दलचा भाग मात्र खरा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी काढली. आता ती केस वर्गात कोण वाचतं? ज्यांनी शिकूच नये असं मेसेज म्हणतो, तीच मुलं.

‘ते शिकले नाहीत, तरी चालतंय ना’

चालतं, पण का चालतं ते बघायला हवं. सकाळी ज्या घरातून डबा उचलायचा ते घर रोज तेच. पोचवायचं ऑफिस तेच, वेळ तीच. उद्या किती डबे असतील याचा अंदाज बांधावा लागत नाही, महिन्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. माल साठवायचा नसतो. एकाचा डबा संपला म्हणून दुसऱ्याचा देता येत नाही, त्यामुळे किती शिल्लक ठेवायची हा प्रश्नच उद्भवत नाही. झाकणावरची खूण स्टेशन, इमारत, मजला सांगते. एखादा आजारी पडला तर गटात जास्तीची माणसं असतात. आणि या सगळ्याच्या खाली असते लोकल. विरार-चर्चगेटचं वेळापत्रक जवळपास घड्याळासारखं चालतं, म्हणून अंधेरी किंवा दादरला डबे बदलायला मिळणारी मोजकी मिनिटं पुरतात.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि सव्वाशे वर्षांहून जुनी ही सेवा थांबली. मावळ-खेड-जुन्नरकडची माणसं गावी गेली. ऑफिसं घरून चालायला लागल्यावर बऱ्याच जणांचं गिऱ्हाईक परतलंच नाही. माणसं तीच होती, कसबही तेच होतं. फक्त ठरलेली मागणी आणि ठरलेली गाडी, हे दोन्ही एकदम गेलं.

आता हीच गोष्ट साबणाच्या स्टॉकिस्टकडे नेऊ. रोज सरासरी १०० पेट्या खपतात आणि रोजच्या खपाचं प्रमाण विचलन, म्हणजे खप सरासरीच्या साधारण किती वर-खाली होतो त्याचं माप, २० पेट्या आहे. कारखान्यातून माल यायला ९ दिवस लागतात. तेवढ्या काळात ९०० पेट्या जाणारच. त्यावर धोक्याची शिल्लक, म्हणजे सेफ्टी स्टॉक, किती ठेवायचा? विचलन दिवसांच्या वर्गमूळाने वाढतं: २० गुणिले ३, म्हणजे ६०. शंभरातल्या ९५ खेपांना माल संपू नये असं ठरवलं तर त्याला १.६५ ने गुणायचं. साधारण १०० पेट्या.

माल ९ ऐवजी बरोबर १६ दिवसांनी यायला लागला, तर ही शिल्लक १३२ होते. फार बिघडत नाही. पण समजा सरासरी ९ च दिवस राहिली आणि गाडी कधी सहाव्या दिवशी, कधी बाराव्या दिवशी यायला लागली, म्हणजे तीन दिवसांचं विचलन आलं. मग शिल्लक थेट ५०० च्या वर जाते. पाचपट माल, त्याला पाचपट जागा आणि पाचपट पैसा अडकलेला.

गाडी उशिरा येते यापेक्षा ती कधी येईल ते सांगता येत नाही, याची किंमत जास्त असते. वीस वर्षं गोदाम सांभाळलेल्या माणसाला हे पोटातून कळतं. पण वाहतूकदाराला दर दोन टक्के वाढवून द्यायचा की नाही, त्याबदल्यात ठरल्या दिवशी गाडी मागायची की नाही, हे मालकापुढे मांडायला त्याच्याकडे गणित नसतं. पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी हेच शिकवतात. डबेवाल्यांना हे गणित लागलं नाही, कारण लोकलने त्यांच्यासाठी तीन दिवसांचं विचलन काही मिनिटांवर आणून ठेवलं होतं. त्यांचं उदाहरण शिक्षणाच्या विरोधात वापरणं म्हणूनच मला विचित्र वाटतं.

‘ट्रक आणि गोदाम, त्यात शिकायचं काय?’

गोदाम कुठे बांधायचं, इथूनच सुरुवात करू. १ जुलै २०१७ पूर्वी कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात डेपो ठेवत. परराज्यात विक्री दाखवली की केंद्रीय विक्रीकर लागायचा. स्वतःच्याच डेपोत माल हलवला की तो वाचायचा. मुंबईची जकात वेगळी. हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनीवर भिवंडीची गोदामं वाढली त्यामागे तेही एक मोठं कारण होतं. म्हणजे गोदामाची जागा सीए ठरवत होता. जीएसटी आला, मुंबईची जकातही गेली, आणि कंपन्यांना प्रथमच प्रामाणिकपणे विचारावं लागलं: वीस-पंचवीस डेपो हवेत, की पाच-सहा मोठी पुरतील? कमी केले तर साठा घटतो, पण शेवटचा टप्पा लांबतो. दोन्हींचा मेळ घालायला खर्चाची प्रतिमानं मांडावी लागतात. अनुभवी माणूस सध्याच्या डेपोंबद्दल सगळं सांगेल. जो डेपो अजून नाहीच, त्याबद्दल अनुभव काय सांगणार?

दुसरं उदाहरण प्रत्येक वितरकाच्या ओळखीचं आहे. महिन्याची २५ तारीख उलटली की कंपनीचा सेल्सवाला टार्गेट भरायला माल स्टॉकिस्टच्या गळ्यात मारतो. शेवटच्या आठवड्यात गाडी मिळत नाही, भाडं चढतं, हमाल रात्रीपर्यंत थांबतात. पाच तारखेला माल चढवायचा तोच डॉक ओस. लोकांनी दात घासायचं प्रमाण महिनाअखेरीस वाढवलेलं नसतं! खपात नसलेली लाट साखळीत वर वर जाताना कशी मोठी होते, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या लंगोटांच्या (डायपरच्या) बाबतीत तेच दिसलं: बाळांचा वापर एकसारखा, दुकानदारांच्या ऑर्डरी थोड्या हेलकावणाऱ्या, आणि कंपनीने कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरी पार वेड्यावाकड्या.

हे वर्गात ‘बीअर गेम’ने शिकवतात. चार जण बसतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर ऑर्डर द्यायची. गिऱ्हाइकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ वर जाते, आणि मग तशीच राहते. तरीही कारखान्यावर बसलेला कधी तोंडाला फेस येईपर्यंत उत्पादन काढतो, कधी महिनाभर हात बांधून बसतो, आणि शेवटी ‘गिऱ्हाईकच लहरी होतं’ म्हणून शपथेवर सांगतो. मग मागणीचा खरा तक्ता फळ्यावर लावला जातो. त्या क्षणीचे चेहरे बघण्यासारखे असतात. ज्याने हा खेळ खेळलाय तो पुढे सेल्सच्या बैठकीत महिनाअखेरीच्या स्कीमबद्दल तोंड उघडतो.

नाशिकच्या द्राक्षांचं तर सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवलेला घडही त्या काळात म्हातारा होतो, देठ तपकिरी पडतो. कोणत्या बागेचा माल लांबच्या प्रवासाला टिकेल, कोणता दुबईकडे वळवायचा, विक्रीचा करार कुठल्या अटीवर करायचा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा धनी कोण, विमा कुणी काढायचा, हे सगळं पॅकहाउसमध्ये बसून चार दिवसांत ठरवायचं होतं. ट्रक आणि गोदाम त्यात होतंच. पण ते शेवटी आलं.

‘१४ टक्के खर्च’

हा आकडा बरीच वर्षं भाषणांत फिरत होता, मंत्र्यांच्याही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही तोच सांगितला जात होता. नंतर एनसीएईआर या दिल्लीच्या आर्थिक संशोधन संस्थेने रीतसर हिशेब केला. २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के आला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात २०२३-२४ साठी ७.९७ टक्के. खर्च एका रात्रीत निम्मा झाला असं नाही, आधीची मोजण्याची पद्धतच ढोबळ होती. याचा अर्थ सगळं आलबेल आहे असाही नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने जुना आकडा धरून एमबीएवाल्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय, आणि तो आकडा खोडून काढायला रीतसर मोजायला शिकलेली माणसंच लागली.

‘एआय सगळं करणार’

थोडक्यात सांगतो. नायकेने शतकाच्या सुरुवातीला मागणीचा अंदाज बांधणारी महागडी सॉफ्टवेअर यंत्रणा बसवली. २००१ मध्ये नको त्या बुटांचे ढीग आणि हव्या त्या बुटांचा तुटवडा झाला, एका तिमाहीत सुमारे १० कोटी डॉलरची विक्री बुडाली. यंत्रं तेव्हापेक्षा कैक पटींनी हुशार झालीत, हे मान्य. तरी वरच्या उदाहरणातले ९५ टक्के कुणी ठरवले? ९० का नाही, ९९ का नाही? मीठ संपलं तर चालेल, इन्सुलिन संपून चालेल का? हे यंत्राला सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला त्याची किंमत कळावी लागते.

‘खोकी मोजतात’

मोजतात. मोजायलाच हवीत. संगणकावर २४० आणि रॅकवर २३१ का, याचा माग काढत पुटअवेपासून (माल रॅकवर लावणं) पिकिंगपर्यंत (ऑर्डरप्रमाणे काढणं) चालत गेलेला मुलगा सहा महिन्यांत जे शिकतो ते स्लाइडवर मिळत नाही. त्यामुळे मी उलट म्हणेन की पदवीनंतर दोन-तीन वर्षं गोदामात, सीएफएसमध्ये (बंदराबाहेर कंटेनर भरायची-रिकामे करायची जागा) किंवा कस्टम ब्रोकरकडे काढा आणि मग पदव्युत्तर शिक्षणाला जा. डेमरेज आणि डिटेन्शनची, म्हणजे कंटेनर ठरल्यापेक्षा जास्त दिवस अडकल्याच्या आकाराची बिलं ज्याने स्वतः भांडून कमी करून घेतलीत, त्याला करारांचा तास वेगळाच कळतो.

मात्र मेसेजमधली फीबद्दलची चीड मला अजिबात खोटी वाटत नाही. ‘लॉजिस्टिक्स अँड सप्लाय चेन’ असं ब्रोशरवर छापून दोन पेपर जास्तीचे शिकवायचे, बाकी सगळं मार्केटिंगचंच, असा धंदा जोरात आहे. मुंबईचं पूर्वीचं निटी, जे १९६३ पासून चालू आहे आणि २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं, किंवा वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय, अशा मोजक्या जागा एकीकडे, आणि भाड्याच्या दोन मजल्यांवरचे अभ्यासक्रम दुसरीकडे. दोघांची पदवी नावाला सारखीच दिसते. विषय झेपतो का, आवडतो का, हे पाहायला आधी पैसे मोजायची गरज नाही: एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावर या विषयाची व्याख्यानं फुकट आहेत, एमआयटीच्या मायक्रोमास्टर्समधले सप्लाय चेनचे धडेही ऑनलाइन पाहता येतात. रात्रीचा तास काढून तीन आठवडे ते करून बघा. गणिताने कंटाळा आला तर इथेच थांबलेलं बरं.

पुढे जायचं ठरलं, तर प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात ‘पॅकेज किती’ हे शेवटी विचारा. आधी विचारा की बीअर गेम घेता का, मुलांकडून एक्सेलवर सॉल्व्हर (कमीत कमी खर्चाचा पर्याय शोधणारं साधन) चालवून घेता का, इंटर्नशिप प्रत्यक्ष गोदामात किंवा बंदरावर किती आठवड्यांची असते, आणि मागच्या बॅचमधले किती जण नियोजनात लागले नि किती जण मालवाहतुकीचे दर विकायला. विभागप्रमुख ‘कसला गेम?’ म्हणाले, तर फी न भरता परत या. तेवढ्यापुरता तो फॉरवर्ड बरोबर आहे.