जाडी बघणाऱ्याने अंगण करू नये

अंगणात शहाबादी फरशी टाकण्याचे आपण ठरवले असेल तर आपले अभिनंदन, आणि त्यापाठोपाठ एक कळकळीची विनंती: दुकानात जाताना खिशात मोजपट्टी नेऊ नये. फरशी ही वरून बघण्याची वस्तू आहे. तिचा रंग बघावा, टिचकी मारून नाद ऐकल्यासारखे करावे, "दोन बाय दोनच आहे ना?" असे जाणकाराच्या सुरात विचारावे आणि लगेच दराकडे वळावे. जाडी हा तिचा खासगी मामला आहे. तो एकदा सिमेंट-वाळूच्या मालाखाली गाडला गेला की वास्तुशांतीला आलेला कोणताही पाहुणा वाकून त्याची चौकशी करत नाही.

तरीही एखादा चौकस पुतण्या विचारेलच, की एकाच गाडीतून आलेली एक फरशी इंचाची आणि दुसरी दीड इंचाची कशी? त्याला गप्प करण्यापुरते भूगर्भशास्त्र जवळ असावे. आपला बहुतेक मराठवाडा थिजलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यातून वेरूळचे कैलास लेणे कोरून काढता येते, पण अंगणापुरत्या पातळ लाद्या सहजासहजी सुटून येत नाहीत. शहाबादचा दगड चुनखडीचा, फार प्राचीन समुद्राच्या तळाशी गाळाचे थर साचून झालेला. पहार लावली की तो थराथरांतून सुटतो, आणि ते थर साचत असताना कोणाच्याही अंगणाचे माप मागवलेले नव्हते. चारी बाजू मशीनच्या पात्याखाली काटकोनात कापता येतात. जाडी मात्र खाणीत जशी सुटली तशीच गाडीत चढते. कित्येकदा तर एकच फरशी एका कोपऱ्यात आठ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि समोरच्या कोपऱ्यात अकरा सूत भरते, म्हणजे ती फरशी कमी आणि पाचर जास्त असते. यात दगडाचा काही दोष नाही.

शहाबाद आणि लातूर १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शहाबाद म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले आणि लातूर मुंबई राज्यात आले, तरी शहाबादहून फरशीच्या गाड्या उमरग्यामार्गे लातूरला येतच राहिल्या. आमच्या आजोबांच्या वाड्यात ढाळजेत बसवलेली शहाबादी अजून जागची हललेली नाही. हे उदाहरण कोणी दिले तर ताबडतोब विषय बदलावा, कारण ती बसवणाऱ्या गवंड्याने पहिले दोन दिवस एकही फरशी न टेकवता नुसते ढीग लावले होते, असे आजोबा सांगत, आणि असली माणसे हल्ली परवडत नाहीत.

आता खरेदीकडे वळू. फरशीचा दर चौरस फुटावर ठरतो, हे आपल्या पथ्यावरच आहे, कारण त्यामुळे जाडीचा विषय निघतच नाही. दोन बाय दोनची इंचभर जाडीची फरशी साधारण २५ किलो भरते, दीड इंचाची ३७ किलोंच्या पुढे जाते, आणि दोन्हींचे पैसे मात्र आपण सारखेच मोजतो. ट्रकला वजन कळते, चौरस फूट कळत नाहीत. तेव्हा विकणाऱ्याला पातळ मालाचे प्रेम का वाटते, हा प्रश्न विचारून त्याला अवघडवू नये.

माल उतरवताना आपण घरी असू नये. असलात, तर हमालांना "लावा कुठेही" असे म्हणावे. चार कोपरे मोजून जाड, मध्यम आणि पातळ असे तीन ढीग लावण्याचा आगाऊपणा अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि तो अर्धा दिवस आपण चार ब्रास, म्हणजे चारशे चौरस फूट, अंगणाच्या पुढल्या दहा वर्षांतून वाचवत आहोत, हे ध्यानात ठेवावे. ढीग लावले की मिस्त्री आधी सर्वांत जाड फरशी टेकवून दोरीची उंची ठरवतो, एकेका जाडीच्या रांगा सलग घेतो, आणि काम कंटाळवाणे म्हणावे इतके सरळ होते. ढीग नसतील तर हाताला येईल ती फरशी, असा प्रत्येक वेळी नवा जुगार. आमच्या मिस्त्रींना मी एकदाच भीत भीत विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, कशाला काळजी करायलात? पातळ असंल तर माल देऊन उचलून घेतो, जाड असंल तर दाबून बसवतो." या दोन वाक्यांत सारे फरशीशास्त्र आले, असे मला त्या दिवशी खरोखरच वाटले होते.

माल देऊन उचलण्याचा हिशोबही मनोरंजक आहे. चारशे चौरस फुटांत सरासरी अर्धा इंच जाडी कमी पडली, तर ती भरून काढायला सुमारे सतरा घनफूट जादा माल लागतो, म्हणजे एकास सहाच्या प्रमाणाने अडीच पोती सिमेंट आणि त्याची वाळू. दगडात वाचवलेले पैसे अशा रीतीने सन्मानाने सिमेंटच्या दुकानात पोहोचतात. एका फरशीखाली अडीच इंच माल आणि शेजारणीखाली इंचभर, असे असले की दोन्ही वेगवेगळ्या आकसतात आणि वेगवेगळ्या बसतात. खाली काळी माती असेल आणि मुरूम टाकून दुरमुस केलेला नसेल, तर बोलायलाच नको. याहून कमी कष्टाचा मार्ग म्हणजे चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे, मध्ये पाचवा, आणि वर फरशी. गोळे दाबून कितीही उंची साधता येते. मधल्या पोकळीत मुंग्यांचा संसार होतो आणि स्कूटरचे स्टँड लावताच फरशी बरोबर दोन गोळ्यांच्या मधोमध तडकते. ती सुटी करून बसवायला पुन्हा तेवढ्याच जाडीची फरशी शोधावी लागते, तेव्हा कुठे घरात मोजपट्टी निघते.

उताराची चिंता सोडून द्यावी. दर आठ फुटांना सव्वा इंच उतार काढण्याचा प्रघात आहे खरा, पण जिथे शेजारशेजारच्या दोन फरश्यांच्या कडांत दोन सुतांचा फरक आहे, तिथे पाणी आपला मार्ग आपणच ठरवते. आमच्याकडे ते तुळशीवृंदावनाच्या मागे थांबते. जूनच्या पहिल्या पावसात जमलेले ते दुसऱ्या पावसाची वाट बघत तिथेच असते, आणि मराठवाड्यात पाणी अडवा, पाणी जिरवा असे सगळेच सांगत असल्याने मी ते खराट्याने लोटत नाही.

राजस्थानातला वालुकाश्म इंग्लंडातल्या घरांच्या परसात जातो, तेव्हा तिथले लोक पुष्कळदा फरशीची पाठ मशीनवर घासून एकजाड, बहुधा २२ मिलिमीटरची, करून मागवतात आणि तिला कॅलिब्रेटेड म्हणतात. घासणावळ अर्थातच वेगळी पडते. जी बाजू कोणालाच दिसणार नाही तिच्यावर पैसे घालण्याची ही विलायती हौस आपल्याला शोभणार नाही. आपण पाठ तशीच ठेवावी आणि उरलेल्या पैशांत पोर्चला झुंबर लावावे.

एवढे सगळे करूनही अंगण कसे झाले आहे याची शंका राहिलीच, तर प्लास्टिकची खुर्ची टाकून वडीलधाऱ्यांना बसवावे. आमचे सासरे बसले तेव्हा खुर्चीचे तीन पाय टेकले आणि चौथा अधांतरी राहिला. त्यांनी काही न बोलता सोफ्यावरची एक जाड लग्नपत्रिका दुमडून पायाखाली सारली, हलवून पाहिले, मग दुसरीही मागितली. दुसरी सापडेना, तेव्हा मी फरशीची पावती आणून दिली.