एक ड्रायव्हर लिहायला वीस वर्षं पुरत नाहीत?

डोकं सणकलंय, म्हणून लिहितोय. गाडीचं इंजिन ठणठणीत. सीटखाली बसवलेला, इंजिनाला पेट्रोल कमी-जास्त करणारा ट्यूनिंगचा डबा ठणठणीत, दिवा लागतो, केबल शाबूत. आणि लॅपटॉपला मात्र तो डबा दिसत नाही! सॉफ्टवेअर विंडोज ११ वर विनातक्रार इन्स्टॉल होतं, उघडतं, टेबल-ग्राफ सगळं दिमाखात दाखवतं, आणि खाली कोपऱ्यात एक ओळ टाकतं : डिव्हाइस सापडलं नाही. अरे, तुझ्याच पोर्टात खुपसलंय की ते!

कारण कळलं तेव्हा तर जास्तच भडकलो. सॉफ्टवेअर ३२ बिटचं, म्हणजे जुन्या धाटणीचं आहे, त्याला कुणाची हरकत नाही. ६४ बिटचं विंडोज ते चालवून घेतं. पण यूएसबीवरच्या डब्याशी बोलणारा जो ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि डबा यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम असतो, तो विंडोजच्याच बिटांचा लागतो. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही म्हणजे नाही. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती होती, माझ्या जुन्या लॅपटॉपवर तीच होती, म्हणून इतकी वर्षं निभावलं. ११ मध्ये ३२ बिटचा पर्यायच ठेवलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला, तो लॅपटॉपही धापा टाकत होता, नवा घेतला आणि बसलो कपाळाला हात लावून.

आता मला सांगा, ६४ बिट काय काल आलं? विंडोज एक्सपीची ६४ बिटची आवृत्ती २००५ सालची. पुढे व्हिस्टा, सात, आठ, दहा, सगळ्यांत ६४ बिट होतंच. एवढ्या काळात या कंपनीला एक ड्रायव्हर लिहायला सवड मिळाली नाही. नव्या डब्यांसाठी बरी मिळाली! मेल केला तर गोड उत्तर : आपलं उत्पादन आता बंद झालं आहे, कृपया नवीन मॉडेलचा विचार करावा. अहो, उत्पादन कुठे बंद झालंय? ते चालू आहे! बंद तुमची नियत झालीय.

बरं, त्या केबलमधून जाणार काय, तर आकड्यांचा एक तक्ता. आडवे आकडे थ्रॉटलचे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती पिळलाय त्याचे : ०, २, ५, १०, २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के. उभे आकडे आरपीएमचे, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे, २५०-२५० च्या पायऱ्यांनी. प्रत्येक घरात एकच आकडा, इथे पेट्रोल इतके टक्के वाढव नाहीतर कमी कर. संपलं. काही केबींचा मामला. व्हॉट्सअॅपवर मावशी पाठवते तो शुभ सकाळचा गुलाब याच्या कितीतरी पट जड असतो.

‘मग राहू दे ना ट्यूनिंग’ म्हणणारे शहाणे असतातच. राहू कसं देऊ? सायलेन्सर बदललाय, मिक्श्चर लीन झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, ताम्हिणी उतरताना थ्रॉटल सोडला की गाडी दिवाळी साजरी करते. त्यात आता पंपावर इ-२०. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९ पट. म्हणजे २० टक्के इथेनॉल आलं की तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यायला हवं. नव्या गाड्या ते धरूनच बनवल्यात. माझी नाही. तिचा मॅप, म्हणजे तोच तक्ता, हातानेच बदलायचाय, पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचं!

सल्ले तर विचारूच नका. ‘कम्पॅटिबिलिटी मोड लाव.’ बाबा रे, तो सॉफ्टवेअरला लागतो, ड्रायव्हरला त्याचं काही देणंघेणं नसतं. ‘शिफ्ट दाबून रीस्टार्ट कर, सात नंबर दाब, ड्रायव्हरवरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद होते.’ होते, पण पुढच्या रीस्टार्टपर्यंतच. काही लॅपटॉप तर त्या वाटेवर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागतात. आणि एवढं करून सही तपासली नाही, तरी ३२ चे ६४ होतात का? ‘व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, एक्सपी टाक.’ टाकलं. डबा दिसला, मॅप वाचलासुद्धा, नाचायचाच बाकी होतो. नवा मॅप पाठवताना मध्येच कनेक्शन तुटलं. दर वेळी तिथेच. गाडीत अर्धा मॅप नवा, अर्धा जुना असेल या धास्तीने सेल्फ मारायला हात धजेना.

मित्राचं दुखणं वेगळं. त्याची यूएसबी-सिरीयल केबल, म्हणजे जुन्या सिरीयल पोर्टाची उपकरणं यूएसबीला जोडणारी. डिव्हाइस मॅनेजर उघडला की चिपच्या नावाच्या जागीच लिहून येतं : पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी संपर्क साधा. कोण पुरवठादार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला तो माणूस, ज्याने बिलही दिलं नव्हतं? जुना ड्रायव्हर हाताने निवडला की केबल चालते, पुढचा अपडेट आला की पुन्हा नवा बसतो आणि पुन्हा तीच पाटी.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? व्हिस्टापासून विंडोजमध्ये विन-यूएसबी नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर आयता बसलेला आहे. कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये थोडा बदल केला असता तर स्वतःचा ड्रायव्हर लिहायचीही गरज नव्हती. तेही नको असेल, तर तो डबा केबलवर काय बोलतो एवढं छापून टाका. दोन पानांत मावेल. आमच्यातलीच इंजिनिअरिंगची पोरं एका रविवारी प्रोग्रॅम लिहून मोकळी होतील, फुकट. पण नाही. विकायचंही नाही, सांभाळायचंही नाही, आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. वर त्या मेलच्या शेवटी विचारतात, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल?