पंचम गळतोय!

बासरीला तारा नाहीत, कातडं नाही, पट्ट्या नाहीत. एक पोकळ वेळू, त्याला फुंकायला एक भोक आणि बोटांसाठी सहा. "यात बिघडण्यासारखं काही नाहीच हो," असं दुकानदार म्हणाला. तो बासरीबद्दल बोलत होता, माझ्याबद्दल नव्हे.

मला कुणी शीक म्हटलं नव्हतं. लेक गाण्याच्या परीक्षा देते; तिच्या मागे लागायला बाई आहेत, मार्क आहेत, शिवाय मी आहे. माझ्यामागे कुणीच नाही. त्यामुळे पहाटेचा गजर मीच लावते, मीच बंद करते आणि "लाज नाही वाटत?" हेही मीच विचारते. ऑफिसात साहेबांनी एवढं छळलं असतं तर युनियनकडे गेले असते.

त्यात हौसेनं घेतली पांढरी तीनची बासरी (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात लागणारी), चांगली दीड हात लांब. वरची तीन भोकं झाकली की षड्ज, सहाही झाकली की पंचम. ऐकायला किती सोपं! पण उजवी अनामिका शेवटच्या भोकापर्यंत पोचेस्तोवर वरचं एखादं बोट केसभर उचललं जातं, आणि तेवढ्या फटीतून पंचम पसार होतो. मागे उरते नुसती हवा. एकदा माझा रियाज चालू असताना सासूबाई लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. कुकरची शिटी काढून पाहिली, रिंग चाचपली आणि म्हणाल्या, "अगं, वाफ कुठून जातेय बघ, भात कच्चा राहील." कुकर रिकामा होता.

ही लांब बासरी मैफलीत रुजवली पन्नालाल घोष यांनी. हरिप्रसाद चौरसियांचे तर वडीलच पैलवान, आणि स्वतः हरिप्रसादही लहानपणी आखाड्यात उतरलेले. दम आला तो तिथून. माझा व्यायाम म्हणजे डोंबिवलीला लोकलमध्ये चढणं. लांब सूर धरला की सुरापेक्षा आधी डोळ्यांपुढे काजवे येतात.

सध्या भूप चालू आहे. पाच स्वरांचा राग, मध्यम आणि निषाद वर्ज्य. हे वर्ज्य दोन माझ्याकडून हमखास लागतात.

प्रगती झाली नाही असं नाही. पण ती बोटांत न होता कानात झाली. पूर्वी मला माझं वादन बरं वाटायचं. आता तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं की फुंकर जोरात गेली नि गंधार चढला, हे लख्ख ऐकू येतं. घरच्यांचे कान मात्र सुखात आहेत. परवा नवरा म्हणाला, "आज छान वाजलं गं." मी तोच तुकडा पुन्हा वाजवला आणि त्यात कुठे कुठे बेसूर होते ते त्याला नीट समजावून दिलं. तेव्हापासून तो कौतुकाच्या भानगडीत पडत नाही.

लेकीच्या बाईंनी मात्र मध्येच विचारलं, "ताई, तुम्हीही प्रारंभिकला बसा की!" मी म्हटलं, छे हो, मला कुठे परीक्षा द्यायच्यात, मी आपली हौस म्हणून. फॉर्म घेऊन आले. सगळा भरूनही झालाय, फक्त फोटो चिकटवायचा राहिलाय. बासरी हातात धरून काढलेला चालतो का, ते एकदा विचारायला हवं.