कान गेले, आजोबा राहिले

आमच्या आजोबांना रस्त्यावरच्या ट्रकची घरघर ऐकू यायची, पण घरातल्या कुकरची शिट्टी नाही. साठच्या दशकात त्यांना क्षय झाला होता. रोज एक सुई, असे तीन महिने. आजी सांगायची, कंपाउंडर स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळायला ठेवायचा आणि आजोबा निमूटपणे पडवीत पालथे पडायचे. एका बाजूची सूज उतरेपर्यंत दुसऱ्या बाजूची पाळी. औषध होतं स्ट्रेप्टोमायसिन. त्यानं क्षय गेला आणि जाता जाता कानही नेले. आजीची त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.

पेनिसिलिन म्हटलं की फ्लेमिंग, हे शाळेतलं पोरही सांगतं. पण क्षयापुढे पेनिसिलिनची डाळ शिजली नाही. तिथे चाललं ते स्ट्रेप्टोमायसिन. ते कोणी शोधलं? छापील उत्तर: सेलमन वॉक्समन, नोबेल १९५२. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि स्पष्टच सांगायचं तर लबाडीचं.

अमेरिकेतलं रटगर्स विद्यापीठ, साल १९४३. अल्बर्ट शॅट्झ हा २३ वर्षांचा पोरगा पाठीच्या दुखण्यामुळे सैन्यातून परत आलेला, पीएचडी करणारा. महिना ४० डॉलर. क्षयाचे जिवंत जंतू हाताळायचे म्हणून त्याची जागा तळघरात. त्याचे गाईड वॉक्समन तिथे कधी उतरलेच नाहीत, असं शॅट्झ सांगायचा. रात्रभर अर्क आटवत ठेवून तो तिथेच झोपायचा. भांड्यावर लाल खूण केलेली, द्रव तिच्याखाली गेला की पहारेकऱ्यानं त्याला उठवायचं. १९ ऑक्टोबरला त्याला हवा तो, स्ट्रेप्टोमायसिन तयार करणारा सूक्ष्मजीव सापडला. एक नमुना भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीतला, दुसरा चक्क कोंबडीच्या घशातला!

१९४४ च्या शोधनिबंधात पहिलं नाव शॅट्झचं, दुसरं एलिझाबेथ बुगीचं, शेवटचं वॉक्समन यांचं. पेटंटपर्यंत जाता जाता बुगी गळाली. शॅट्झनं आपले हक्क एका डॉलरला विद्यापीठाच्या संस्थेला दिले. वॉक्समन यांना मात्र रॉयल्टीतला वाटा मिळत होता, हे त्याला नंतर कळलं. १९५० मध्ये त्यानं आपल्याच गुरूवर दावा ठोकला. तडजोडीत तो सहसंशोधक असल्याचं मान्य झालं, ३ टक्के रॉयल्टीही मिळाली. तरी दोन वर्षांनी नोबेल एकट्या वॉक्समन यांनाच.

वॉक्समन काही आयतोबा नव्हते. मातीतल्या सूक्ष्मजीवांवर त्यांनी उभी हयात घातली होती, ‘अँटिबायोटिक’ हा शब्द रुळवला तोही त्यांनीच. कुठे शोधायचं हे शॅट्झला त्यांच्यामुळेच ठाऊक होतं. पण ‘लॅब गाईडची, कल्पना गाईडची, पोरानं फक्त हात चालवले’ हे वाक्य मी आपल्याकडच्या विद्यापीठांत इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. माझ्या एका मैत्रिणीचं चार वर्षांचं काम असंच चहाच्या कपासोबत ‘वर’ गेलं. अरे, तळघरात कोण उतरलं होतं?

औषधही सरळ नव्हतं. नुसतं तेवढंच दिलं तर रोगी आधी सुधारायचा, मग जंतू दाद देईनासे व्हायचे. म्हणून जोडीला पीएएस आणि पुढे आयसोनियाझिड ही क्षयाची दुसरी औषधं आली. आजोबाही सुया संपल्यावर वर्षभर गोळ्या गिळत होते. कडू तोंडावर आजी गुळाचा खडा द्यायची.

१९९४ मध्ये रटगर्सनं शॅट्झला आपलं पदक दिलं. तो तेव्हा ७४ वर्षांचा होता. आमच्याकडे त्या वर्षी आजोबा पडवीत पेपर वाचत बसलेले असायचे, आत कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी.