"चांगलं असतं तर गाजलंच असतं" या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण डोकं तापलेलं होतं म्हणून दोन दिवस जाऊ दिले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी अनोळखी सोल गायकांची (सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेला संगीतप्रकार) यादी दिली होती, त्यावर एका वाचकाने लिहिलंय, "अरे, ही माणसं खरंच चांगली असती तर गाजलीच असती, आपण काहीतरी वेगळं ऐकतो हे दाखवायला लोक असल्या याद्या करतात." पुढे अजून तीन तक्रारी आहेत: शेरॉन जोन्स या गायिकेच्या पहिल्या अल्बमचं साल चुकलंय, मी गाण्यापेक्षा गायकांच्या हालअपेष्टांवरच जास्त लिहितो, आणि यातले बहुतेक जण लेबलवाल्यांनी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी, आधीच शोधून ठेवलेत, मग मी काय शोधलं.

सालाचं तुमचं बरोबर आहे. तिचं डॅपटोन लेबल २००१ चं आणि शेरॉन जोन्सचा पहिला अल्बम २००२ चा, मी गल्लत केली. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते "अरे". आपली ओळख ना पाळख, मी कुणाला अरे-तुरे करत नाही आणि माझ्याशी कुणी केलेलं मला आवडत नाही. त्यातही "असल्या याद्या" मधलं "असल्या" जास्त लागलं. आणि दाखवायला म्हणजे कुणाला दाखवायला हो? माझ्या घरात हे ऐकणारा मी एकटा आहे. रात्रपाळीची नोकरी होती तेव्हा पहाटे घरी येऊन झोप लागायची नाही, मग हेडफोन लावून एकेका छोट्या लेबलची गाणी क्रमाने ऐकत बसायचो आणि वहीत लिहून ठेवायचो, कोण गायलंय, कुठे रेकॉर्ड झालंय, मागे कोण वाजवतंय. तशा चार वह्या भरल्यात, अठरा वर्षांत. त्या आजपर्यंत कुणाला दाखवलेल्या नाहीत. ती यादी त्यातून आलीये.

आणि "चांगलं असतं तर गाजलंच असतं" हे वाक्य. हे वाक्य लिहिताना तुम्ही एक मिनिट तरी विचार केलात का? साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या एखाद्या गावात एक माणूस स्वतःचे पैसे घालून लेबल काढायचा, काहीशे सिंगल (एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्ड) छापायचा आणि गाडीच्या डिकीत टाकून स्वतःच रेडिओ स्टेशनांच्या पायऱ्या चढायचा. डीजेने रेकॉर्ड वाजवली नाही की विषय संपला. आणि वाजवली, मागणी आली, तर उलट पंचाईत, कारण रेकॉर्ड छापणाऱ्याला पैसे आधी रोख द्यायचे आणि वितरक ते फेडणार कित्येक महिन्यांनी, म्हणजे गाणं चाललं म्हणून लेबल बुडालं असंही व्हायचं. यात आवाज चांगला की वाईट हा प्रश्न येतो कुठे?

ओहायोतल्या कोलंबसचं उदाहरण घ्या. पेनी अँड द क्वार्टर्स या गटाचं 'यू अँड मी' हा नुसता डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेलं रेकॉर्डिंग होतं, त्या काळी बाहेरच आला नाही. घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं त्यात टेप सापडली, जुनी विसरलेली गाणी पुन्हा काढणाऱ्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या लेबलने २००७ मध्ये गाणं काढलं, तेव्हा गाणारी माणसं कोण हे त्यांनाही माहीत नव्हतं. २०१० मध्ये 'ब्लू व्हॅलेंटाइन' सिनेमात ते वाजलं आणि जगभर लोक शोधायला लागले, मग कुठे पेनीचा, म्हणजे ते गाणाऱ्या मुलीचा, पत्ता लागला. आता सांगा, गाणं चांगलं कधी झालं? २०१० मध्ये? टेप त्या घरात पडून होती तेव्हा ते वाईट होतं का?

इंग्लंडमधल्या विगन कसिनो या डान्स क्लबात १९७३ ते १९८१ पोरं रात्रभर नाचायची ती बहुतेक अमेरिकेत आपटलेल्या सिंगल्सवर. दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून रेकॉर्डच्या मधल्या नावाच्या चकतीवर कागद चिकटवायचे आणि खोटं नाव सांगायचे, इतकी त्या आपटलेल्या गाण्यांची किंमत होती. आणि चार्ल्स ब्रॅडली? आयुष्यभर स्वयंपाक्याच्या नोकऱ्या केल्या, रात्री सोलमधला बडा गायक जेम्स ब्राउन याची नक्कल करून गायला, पहिला अल्बम आला २०११ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी. २०१७ मध्ये गेला. सहा वर्षं मिळाली त्या माणसाला. तुमच्या हिशेबाने तो ६१ व्या वर्षापर्यंत चांगला नव्हता.

आजही वेगळं नाहीये. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात हजार स्ट्रीम मिळत नाहीत त्याचे पैसेच गायकाला मिळत नाहीत. म्हणून मी बँडकॅम्पवरून (कलाकार स्वतःची गाणी थेट विकतात ती साइट) विकत घ्या म्हणून मागे लागतो, तिथे डिजिटल विक्रीत साइट साधारण १० ते १५ टक्के कापते आणि उरलेले बऱ्यापैकी कलाकाराच्या हातात जातात.

बाकी दोन मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. हालअपेष्टा असतील तर मी लिहिणार, शेरॉन जोन्सने न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केली हे सोडून तिच्याबद्दल काय लिहू? आणि मी "शोधलं" म्हटलेलंच नाही, "सापडलं" म्हटलंय, परत वाचा.

खरं सांगू, यादीतलं एकही गाणं तुम्ही पूर्ण ऐकलेलं नाही असं मला तुमच्या लिहिण्यावरून स्पष्ट दिसतंय. चुकत असेन तर सांगा, पण मग गाण्याचं काहीतरी सांगा. 'यू अँड मी' घ्या. एक गिटार, मागे दोन-तीन आवाज, आणि पुढे ती मुलगी, जी कुठेही जोर लावत नाही, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतकंच गाते. ते शेवटपर्यंत ऐका. आवडलं नाही तर तसं लिहा, मी वाद घालणार नाही.